खोली जावयानेच उघडायची

एके काळी मी आमच्या सासुरवाडीत निष्णात मोटारचालक म्हणून ओळखला जात असे. त्या काळात मला मोटार चालवता येत नव्हती.

ही विसंगती आज मी शांतपणे नोंदवू शकतो, कारण तिचे परिणाम ज्यांनी भोगले त्यांनी मला क्षमा केली आहे. (भाताच्या रोपांविषयी खात्री देता येत नाही.) तरीही क्षमा मिळाल्याने दोष नाहीसा होत नाही, तो केवळ सांगण्याजोगा होतो.

दोन हजार आठ सालची गोष्ट. हिंजवडीतील एका कंपनीत मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत असे. म्हणजे यंत्रे इतरांनी बनवायची आणि ती कशी वापरावीत हे मी सांगायचे. या व्यवसायाने माणसाला एक सवय लागते, स्वतः न केलेल्या गोष्टी इतरांना समजावून देण्याची. मी, माझी पत्नी सुजाता आणि आमचा संगणक असे तिघे मारुंजीत दगडूअण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. अण्णा गावातले पिढीजात शेतकरी. रस्त्याकडची जमीन विकून त्यांनी तीन मजले चढवले होते. मात्र घरामागचे एक भातखाचर त्यांनी कोणालाही दिले नव्हते.

सासुरवाडी बार्शीची. सासरे, म्हणजे अप्पा, गणिताचे निवृत्त शिक्षक. सुजाताचा धाकटा भाऊ प्रसाद सव्वीस वर्षांचा. त्याच्याकडे वाहनपरवाना होता, चिकाटी होती आणि एकच इच्छा होती: एक पिकअप घ्यावी आणि आसपासच्या गावांचा भाजीपाला बाजारात पोहोचवावा. एक मित्र आपली पिकअप विकणार होता आणि श्रावण लागेपर्यंत थांबायला तयार होता. अडत होते ते केवळ अप्पांच्या होकारापाशी. मुलाने रस्त्यावर पोट चालवायचे तर त्याचा हात पक्का हवा, असे त्यांचे म्हणणे होते आणि तो पक्का आहे की नाही हे ठरत नव्हते.

त्याच वर्षी प्रसादने दोघांच्याही संगणकांवर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ बसवून दिला. तो बार्शीतून आणि मी मारुंजीतून, असे आम्ही एकाच रस्त्यावर धावत असू. मध्ये कुठलेही केंद्र नव्हते. दोन संगणक थेट एकमेकांशी बोलत. त्यासाठी एकाने शर्यतीची खोली उघडायची आणि दुसऱ्याने तिच्यात प्रवेश करायचा. खोली कोणी उघडायची हा प्रश्न आमच्यात कधी उद्भवलाच नाही. मी जावई होतो. ज्या घराने लग्नात माझे पाय धुतले, त्या घरच्या धाकट्या मुलाच्या खोलीचे दार मी ठोठावावे, हे त्यालाही प्रशस्त वाटले नसते. (निदान मी त्याला विचारले नाही.)

पहिल्या महिन्यात मी एकही शर्यत हरलो नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. खेळताना आमचा फोन चालू असे आणि त्यावर प्रसादच्या तक्रारी येत.

“दाजी, तुमची गाडी माझ्या मागं होती. एकदम पुढं कशी उगवली?”

“एकाग्रता,” मी म्हणालो.

“आणि मी वळण घेतलं होतं हो. घेऊन झालं होतं. तरी मला मागं ओढून भिंतीवर आपटलं. नेटचा काहीतरी घोळ आहे.”

“वळणाचा विचार वळण येण्यापूर्वी करावा लागतो, प्रसाद.”

हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवले असेल, याची आठवण झाली की अजूनही मला पाणी प्यावेसे वाटते.

आता याहून वाईट भाग सांगतो. दगडूअण्णांनी टाकी भरण्यासाठी खाली बोअरची मोटार लावली की आमचे दिवे मंदावत, मोडेम डोळे मिटे आणि खोली माझी असल्याने दोघांचीही शर्यत जागच्या जागी संपे. तुटलेली शर्यत धरायची नाही असा नियम मीच केला होता. नियम न्याय्य होता. परंतु एकदा शेवटच्या फेरीत प्रसाद माझ्या पुढे निघाला आणि मला एकाएकी घरातील पाणीपुरवठ्याची काळजी वाटू लागली. मी खिडकीतून खाली डोकावलो.

“अण्णा, टाकी भरली का?”

“न्हाई. भरू व्हय?”

“भरा,” मी म्हणालो.

दिवे मंदावले, शर्यत तुटली आणि बार्शीत प्रसादने बहुधा कपाळावर हात मारला. त्यानंतर अण्णांच्या टाकीकडे माझे लक्ष राहू लागले. अण्णांना याचे कौतुक होते. एवढी आस्था दाखवणारा भाडेकरू त्यांनी पाहिला नव्हता.

माझ्या विजयांची वार्ता अप्पांपर्यंत पोहोचली. (पोहोचवणारा मीच होतो.) आषाढ अर्धा सरला असताना त्यांचा फोन आला. प्रसादला गाडी घेऊ द्यावी की नाही, असे त्यांनी विचारले. तुम्ही त्याला रोज जवळून पाहता, तुम्हीच सांगा, म्हणाले. सरळमार्गी माणसाने येथे एवढेच म्हटले असते की खेळ हा खेळ असतो. मी मात्र माहितीपुस्तिका लिहिणारा. मी तीन मुद्द्यांत उत्तर दिले. प्रसाद वळण उशिरा घेतो. पुढचे वाहन त्याला वेळेवर दिसत नाही. आणि चूक झाली की तो नेटला दोष देतो.

“तिसरी गोष्ट वाईट,” अप्पा म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी प्रसादला नकार दिला.

सुजाता दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलली. जेवायला वाढले आहे, गॅस संपला आहे, अशी निरुपद्रवी वाक्ये. तिसऱ्या दिवशी माझ्या ताटाशेजारी काही छापील कागद होते. ती त्या खेळाची माहितीपुस्तिका होती. पोटासाठी अशा पुस्तिका लिहिणाऱ्या मी ती उघडलीही नव्हती. सुजाताने एका परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. जो खोली उघडतो त्याचाच संगणक शर्यतीचा पंच असतो, असे तेथे स्वच्छ लिहिले होते. त्याची स्वतःची हालचाल तत्क्षणी धरली जाते. दुसऱ्याची मात्र नेटवरून येऊन पोहोचल्यावर.

“प्रसाद वेळेवरच वळत होता,” ती म्हणाली. “त्याचं वळण आपल्याकडे उशिरा पोहोचत होतं. ते पोहोचेपर्यंत तुमच्या पंचाने त्याला भिंतीवर नेलेलं असायचं.”

मी भाताचा घास हातात धरून बसलो. दोन महिने मी ज्याला एकाग्रता म्हणत होतो, ते केवळ बार्शी ते मारुंजी हे अंतर होते.

सुजाताने निर्णय आधीच घेतला होता. रविवारी सकाळी खोली प्रसाद उघडेल, अप्पा त्याच्या शेजारी बसून पाहतील. जावयाच्या मानाचा मुद्दा मी अत्यंत क्षीण आवाजात मांडला. तिने ताट उचलले.

रविवारी शर्यत सुरू झाली. पहिल्या वळणावर मी बाण दाबला. गाडीने थोडा विचार केला आणि मग ती सरळ गेली. दुसऱ्या वळणावर तिने पहिले वळण घेतले. फोनवर अप्पा परीक्षेतील पर्यवेक्षकाच्या आवाजात सांगत होते.

“जावईबापू, तुम्ही उलटे निघालात.”

“नाही अप्पा, इथे मी सरळ आहे.”

“इथं उलटे आहात. आता भिंतीच्या आत गेलात. आतून बाहेर यायला वाट दिसतेय का बघा.”

वाट दिसत नव्हती. माझी नजर, मला न विचारता, खिडकीकडे गेली.

“अण्णा घोटावड्याला गेलेत,” सुजाता शांतपणे म्हणाली. “आणि टाकी सकाळीच भरलीय.”

तिला सर्व ठाऊक होते, हे मला त्या क्षणी कळले. प्रसादने शर्यत पूर्ण केली तेव्हा मी त्या भिंतीतच होतो.

या पराभवाने तरी प्रसादचे काम होईल, अशी आम्हा दोघांचीही अपेक्षा होती. परंतु अप्पा गणिताचे शिक्षक. त्यांनी दोन्ही उदाहरणे समोर ठेवून निष्कर्ष काढला. आधी प्रसाद सारखा आपटत होता, आज जावई आपटले. तेव्हा आपल्या घरात कोणाचाच हात पक्का नाही. यापुढे घरातील कोणीही गाडीला हात लावू नये. श्रावण लागायला सहा दिवस उरले होते आणि प्रसादच्या मित्राकडे दुसरे गिऱ्हाईक येऊन गेले होते.

आता बोलणे भाग होते. मी अप्पांना फोन लावला आणि सुजाताला जरा आत जायला सांगितले. ती समोर खुर्ची ओढून बसली. मी खोलीविषयी सांगितले, उशिरा पोहोचणाऱ्या वळणांविषयी सांगितले, प्रसादचा दोष नव्हता हे सांगितले. शेवटी टाकीविषयीही सांगितले. अप्पांनी पहिला प्रश्न आकड्याचा विचारला.

“मोटार किती वेळा लावायला सांगितली?”

“तीनदा.”

“तीनदाच?”

“पाच वेळा.”

“उत्तर चुकलं तरी मी पोरांना पायऱ्यांचे गुण देत असे,” अप्पा म्हणाले. “तुमच्या पायऱ्यासुद्धा चुकल्यात.”

एवढे बोलून त्यांनी संगणकाचा विषय कायमचा बंद केला. मित्राची पिकअप एका दिवसासाठी मागून घ्यायची, प्रसादने ती बार्शीहून मारुंजीपर्यंत चालवायची आणि आपण शेजारी बसून पाहायचे, असे त्यांनी ठरवले. मला जे दोन महिन्यांत सुचले नव्हते ते त्यांना एका मिनिटात सुचले.

गुरुवारी दुपारी पिकअप अण्णांच्या अंगणात येऊन उभी राहिली. सोलापूर रस्त्यावरचे ट्रक, पुण्यातील गर्दी, हिंजवडीचा चौक, सगळे पार करून प्रसादने वडिलांना आणले होते. अप्पांच्या धोतराची निरीही हलली नव्हती. वळणे वेळेवर घेतो, एवढेच ते म्हणाले; पण चेहरा प्रसन्न होता. प्रसाद हातपाय धुवायला आत गेला. सुजाता चहा टाकायला गेली. मला ओळखणारी दोन्ही माणसे अशा रीतीने दृष्टिआड झाली आणि अप्पांनी गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली.

यात टोमणा नव्हता, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. शंभर अपराध केले तरी जावई तो जावई. घरात येऊ घातलेल्या गाडीवर पहिला मान त्याचा.

“जावईबापू, अंगणात एक फेरी मारा. मग पोराला होकार देतो.”

माझ्या सविस्तर कबुलीत एक बाब राहून गेली होती. खेळातील विजय खोटे होते, हे मी सांगितले होते; खरी गाडी मला मुळीच चालवता येत नाही, हे सांगितले नव्हते. मी कंपनीच्या बसने जातो-येतो, त्यामुळे तसा प्रसंगही कधी आला नव्हता. एक वाक्य उच्चारले असते तर भागले असते. मी किल्ली घेतली.

माझे चालनज्ञान बाणांच्या चार कळांपुरते होते आणि त्यात पायांना काहीच काम नव्हते. गाडी सुरू झाली. दोन गचके खाऊन ती पुढे निघाली, वेगाने नव्हे, उलट एखाद्या वयस्कर पाहुण्यासारखी सावकाश. तिने अंगण ओलांडले, गोठ्याला वळसा घातला (यात माझा हात नव्हता), बांधावर चढली आणि अण्णांच्या खाचरात उतरून चिखलात बसली. कोणीही न सांगता तिचे इंजिन बंद झाले.

अण्णा बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी गाडीकडे पाहिले, मग रोपांकडे, मग माझ्याकडे.

“सायेब, कालच रोपं लावून आवणी केलीया. दिसली न्हाई व्हय?”

दिसली होती, अण्णा. पण तोपर्यंत मी तिच्यावर होतो.

पुढचे काम प्रसादने केले. तो चिखलात उतरला, त्याने चाकांपाशी वाकून पाहिले, अण्णांकडून दोन फळ्या मागून त्या चाकांखाली सरकवल्या. मग मला हाताला धरून बाहेर काढले, स्वतः आत बसला आणि गाडी मागे घेऊ लागला. ज्या चाकोऱ्या मी पाडल्या होत्या, नेमक्या त्यांतूनच त्याने ती तसू तसू मागे आणली. एकही नवे रोप दबले नाही. अप्पा धोतर गुडघ्यापर्यंत उचलून बांधावर उभे होते आणि चाकांवरून त्यांची नजर ढळत नव्हती. गाडी अंगणात लागली तेव्हा ते पुढे झाले आणि बॉनेटवरचा चिखल त्यांनी स्वतःच्या पंच्याने पुसला.

“घे गाडी,” ते प्रसादला म्हणाले.

आतून धावत आलेल्या सुजाताचे डोळे भरले होते. ते भावासाठी की नवऱ्यासाठी, हे विचारण्याचा अधिकार मी गमावला होता.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी खाचरात उतरलो आणि दबलेली रोपे पुन्हा लावली. अण्णा माझ्या मागून येत होते आणि मी लावलेले प्रत्येक रोप उपटून नीट लावत होते. आपण एकट्यानं लवकर उरकलं आसतं, असे त्यांनी संध्याकाळी मला समजावून सांगितले.

आज प्रसादच्या तीन गाड्या बाजारात फिरतात. आम्ही बार्शीला गेलो की तो आग्रहाने आम्हाला फिरवतो आणि जावई म्हणून पुढची जागा अजूनही मलाच मिळते. अप्पा आता खूप थकले आहेत, दृष्टी अधू झाली आहे. ते सुजाताच्या शेजारी मागे बसतात. प्रसाद किल्ली फिरवण्याआधी क्षणभर थांबतो. कारण अप्पा दर वेळी तोच प्रश्न हळू आवाजात विचारतात.

“सुजाता, जावईबापूंचे हात कुठं आहेत?”

मी दोन्ही हात मांडीवर ठेवतो.

“मांडीवर आहेत, अप्पा,” ती सांगते. मग गाडी निघते.