दाव्याची गाय

केदारखेड्याच्या अलीकडं आमचं गाव. काका-काकूंचं घर आणि गोठा अगदी ओढ्याला लागून. पावसाळा सोडला तर ओढ्यात घोटाभर पाणी. त्याला भ्यायचं असतं, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

मी जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला. त्या दिवशी सुट्टीची आले होते. दुपारी गावात पाऊस नव्हता, वरच्या शिवारात मात्र आभाळ काळंकुट्ट झालं होतं. काकू आणि मी ओसरीत मूग निवडत होतो. एकदम भरल्या ट्रकासारखी घरघर ऐकू आली. बघायला गेलेले काका तिथूनच ओरडले, "पाणी आलं! पोरीला घे अन् शाळेकडं पळ, जल्दी!"

"अन् तुमी?"

"जनावरं सोडतो. आलोच."

शाळा टेकाडावर. वर पोचून वळलो, तोवर पाणी गोठ्यात शिरलं होतं. काकांनी बैल सोडले, म्हैस सोडली. राहिली गाभण गाय. ओढ देऊन देऊन तिनं दाव्याची गाठ आवळून घेतली होती. "राहू द्या तिला! या हो इकडं!" काकू जीव तोडून ओरडत होत्या, पण पाण्याच्या आवाजात काही पोचत नव्हतं. काकांनी विळ्यानं दावं कापलं. गाय सुटली. तेवढ्यात गोठ्याची भिंत बसली, आणि काका दिसेनासे झाले.

सांजेपर्यंत पाणी उतरलं. ओढ्याकाठची घरं पडली होती, कपाशीच्या रानात नुसते दगड उरले होते. गाय आपली आपण परत आली आणि गोठ्याच्या चिखलात उभी राहिली. काका दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याजवळ बाभळीत अडकलेले सापडले.

गाय आमच्या गोठ्यात बांधली आणि काकूंना आम्ही गावातल्या आमच्या घरी आणलं. त्या रडल्या नाहीत. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "ती गाय इकून टाका. डोळ्यांपुढं नको."

"तिचा काय दोष?" काकू एवढंच बोलल्या. पण तिच्याजवळ कधी गेल्या नाहीत. वैरण-पाणी माझी आईच बघायची.

पोळा झाल्यावर गाय व्याली. मी तेव्हा घरीच होते. वासरू उठायचं, पडायचं. काकू दारातून बघत होत्या. मग हळूच पुढं आल्या, पदरानं त्याचं तोंड पुसलं, त्याला सडाला लावलं.

"हे बघायला ते पायजे होते गं," त्या म्हणाल्या, आणि तिथंच शेणामुतात बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. मला त्यांना उठवता आलं नाही. मीही शेजारी बसले.