कराचीत शिकलेली हिंदी

आज नातवाच्या बुटांना पॉलिश करताना त्या वासानं मला अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला नेलं. दोन हजार चार साली लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. माझी शाळा सातवीतच सुटलेली, इंग्रजीची भीती. शेजारचे पोलंडचे आजोबा दुपारी पायरीवर बूट चमकवत बसायचे आणि मोडक्या हिंदीत हाक मारायचे, "बैठो, बहन!" घराबाहेर माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस.

एकदा विचारलं, "हिंदी किधर सीखा?"

"कराची. दूसरी बड़ी जंग के बाद हम पोलंड वापस नहीं जा सका, उधर रूस का राज था. पाकिस्तान नया मुल्क था, हवाई फौज बनाना था. लड़कों को उड़ना हमने सिखाया."

एकाहत्तरच्या लढाईत माझा दादा सीमेवर पाकिस्तानी विमानाच्या बॉम्बनं गेला. तसं सांगितलं. त्यांच्या हातातला ब्रश थांबला.

"नाम?"

"सदाशिव."

"सादासिव," ते पुटपुटले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर आलेच नाहीत. आता वाटतं, बिचाऱ्याला स्वतःचा देशच उरला नव्हता. तेव्हा मात्र दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतले. तिसऱ्यांदा बेल वाजवली.

दादा, त्यांच्या दारी गेले, चुकलं का रे माझं?