सासूबाईंसाठी राखलेली समई

आमच्या घरमालकीण काकू नसत्या, तर आज मी हैदराबादेत नसते, हे आधीच सांगून टाकते. धूळ ही वस्तू देवानं काकूंना कामात ठेवण्यासाठीच निर्माण केली असावी, अशीही माझी पक्की समजूत आहे. मलकपेठेतल्या त्या घरात वर काकू एकट्या राहतात, खाली दोन खोल्यांत आम्ही नवराबायको. काकू साबणाची वडीसुद्धा आधी धुतात आणि मग तिनं हात धुतात. केरसुणी झटकायला त्यांच्याकडे दुसरी केरसुणी आहे. कोळ्याचं जाळं काढण्याआधी त्याला तोंडी ताकीद देतात, "निघ रे बाबा, दुसरीकडं घर बघ." गल्ली झाडायला येणारी बाई तर आमच्या दाराशी आली की झाडू खांद्यावर टाकून पुढं जाते. एकदा तिनं चुकून झाडलं, तर काकूंनी तिला चहा पाजला आणि तेवढा तुकडा पुन्हा झाडून घेतला.

दिवाळीला सासूबाई पहिल्यांदाच येणार होत्या. येण्याआधी फोनवर त्यांनी सांगून ठेवलं होतं, "घर बघते. पोराची आबाळ दिसली तर दोघांनाही गावाकडं घेऊन येते." आणि आमच्या ह्यांच्या तोंडून आईपुढं 'नाही' हा शब्द आजवर निघालेला नाही. मी सातवीत शाळा सोडलेली, गाव सोडून इतक्या लांब आलेली. गल्लीतल्या बायका नुकत्याच कुठं माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकू लागल्या होत्या. ते शिलाई मशीन टेम्पोत घालून परत न्यायचं, या विचारानंच माझे टाके चुकू लागले. रडत रडत जिना चढले. काकूंनी आधी माझे पाय पायपुसण्यावर पुसायला लावले, मग विचारलं, "क्या हुआ?"

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी आमचं घर ताब्यात घेतलं. मी खिडक्या, डबे, फरशी सगळं पुसून दाखवलं, तर त्यांनी सासूबाईंसाठी काढलेली गादी अंथरली आणि पदर सारखा करून तिच्यावर चक्क उताण्या पडल्या. "क्या है ना पोरी, सगळे उभ्यानं साफ करतात. पाहुणा आडवा पडून बघतो. आता मी तुझी सासू. वर बघ." मी शेजारी पडून वर पाहिलं आणि हादरलेच. पंख्याच्या पात्यांना काजळीची किनार, फळीच्या पोटाला जळमटं, ट्यूबलाइटमागं मेलेल्या किड्यांची वसाहत. दोन वर्षं मी या सगळ्याखाली सुखानं झोपत होते! जुन्या उशीच्या खोळीत पंख्याचं एकेक पातं घालून आम्ही ते पुसलं. आमचे हे कामावरून आले आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे दारातच थांबले.

शेवटी मी देवघरातली समई घासायला घेतली, तर काकू ओरडल्या, "नक्को! ती काळीच राहू दे."

"अहो काकू, लग्नात सासूबाईंनीच दिलेली आहे. त्यांना अशी दिसली तर?"

"म्हणूनच! सगळंच चकचकीत केलंस तर सासूनं बोट कुठं ठेवायचं? मग तुझ्यावर ठेवणार."

मला काही पटलं नाही. सासूबाई यायच्या दिवशी पहाटे मी गुपचूप चिंच भिजवली. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "ती चिंच आमटीत घाल!"

सासूबाई आल्या. खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं, डब्यांची झाकणं उलटी करून पाहिली, मग "पाठ टेकते जरा" म्हणून गादीवर आडव्या झाल्या. पंख्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. एकदम कूस बदलली आणि देवघराकडे नजर जाताच ताडकन उठून बसल्या. "अगं बाई! ही काय दशा केली समईची?" पण आवाज कसा, हरवलेली गाय सापडल्यासारखा! "चिंच आण. अन् राख? तुमच्या शहरात राख तरी कुठली मिळायची!"

दारात काकू उभ्या होत्या. हातात राखेची वाटी. ती त्यांनी कुठून पैदा केली, देव जाणे.

दोघी फरशीवर बसून समई घासू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "बाकी घर चांगलं ठेवलंय पोरीनं. पितळेचं तेवढं हिला जमत नाही."

"कसं जमणार बाई, लहान आहे," काकू साळसूदपणे म्हणाल्या.

"मलाच यावं लागंल आता दरसाल दिवाळीला."

दरसाल! इथं! माझ्या डोक्यात फटाक्यांची आख्खी माळ वाजली. काकूंनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात समईवर दुप्पट जोरात फिरू लागला.

सासूबाई गावी परतल्यावर मी वर जाऊन विचारलं, "काकू, तुम्हाला हे सुचलं कसं?" त्या जिन्याचा कठडा पुसत होत्या. "माझ्या घरात माझ्या सुनेला कधी काही सापडलंच नाही गं. ती हात लावायला गेली की मी म्हणायचे, राहू दे, झालंय. ती पाहुणीच राहिली. आता मुलगा-सून येतात ते हॉटेलात उतरतात." आणि लखलखीत कठडा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतला.

कधीतरी आमचं स्वतःचं घर होईल. तेव्हा पहिली पाहुणी काकूच. आणि त्यांच्यासाठी मी समईबिमईवर भागवणार नाही, एक आख्खी खोली न झाडता ठेवणार आहे.