डाव्या बुटांचं कपाट

जिमखान्याच्या मामांना विद्यापीठातल्या पोरांची नावं विचाराल तर ते नुसतं डोकं खाजवतील. बूट विचारा. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाच्या नाडीला गाठींवर गाठी आहेत, कोण आठवडाभर मोजा बदलत नाही, सगळं तोंडपाठ.

मामांचा कायदाच तसा होता. आत लाकडी जमीन, त्यामुळं बाहेरचे बूट दारात निघायचेच. त्यातला डावा मामांच्या कपाटात ठेवायचा, मग रॅकेट घ्या की कॅरमच्या सोंगट्या घ्या. आधी ते ओळखपत्र ठेवून घ्यायचे. पण पोरं ओळखपत्र विसरून आठ-आठ दिवस गायब व्हायची, नि रॅकेटही त्यांच्याबरोबर गावभर हिंडायची. एका बुटावर कोण लांब जाणार?

सह्यांचं रजिस्टरही होतं. टेबल टेनिसच्या टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली ते सहा वर्षं इमानानं चाकरी करत होतं.

एका सोमवारी सकाळी अकराला उपकुलसचिव साहेब आले. पोरं सगळी वर्गात, जिमखाना रिकामा. साहेबांनी वाकून टेबलाखालचं रजिस्टर ओढलं, पानं चाळली.

"मामा, एक सही नाही! म्हणजे इथं चिटपाखरू फिरकत नाही. ही खोली आता परीक्षा विभागाला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे राहतील."

"आणि मी?"

"तुम्ही गठ्ठ्यांवर शिक्के मारा. पोरं येतात असा काही पुरावा असेल तर शुक्रवारी समितीपुढं आणा."

मामा घरी गेले ते भरल्या ताटावरून तसेच उठले. बायकोनं खोदून खोदून काढून घेतलं नि म्हणाली, "लोकांच्या पोरांचे बूट सांभाळता, सह्या घ्यायला काय हात दुखत होते? आता भरा की रजिस्टर बसून."

"खोटं भरू?"

"खोटं कशाला? येतात त्यांचीच नावं लिहा."

"नावं कुठं येतात मला?"

बायकोनं कपाळावर हात मारला.

शुक्रवारी चारला वर्ग सुटले, जिमखाना गच्च भरला. मामांनी कपाटातले बूट दोन पोत्यांत कोंबले, दोन जिने चढले नि समितीच्या गुळगुळीत टेबलावर पोती पालथी केली. चौसष्ट डावे बूट! एका बाईंनी पदर नाकाला लावला, साहेब खुर्चीसकट मागं सरकले.

"हा काय प्रकार?"

"पुरावा. वासासकट."

तेवढ्यात जिन्यावर धपधप सुरू झाली. खेळ आटोपलेली पोरं एका पायात बूट घालून, डावा शोधत, लंगडी घालत वर येत होती. दारात हीऽऽ रांग लागली. पुढं एक मुलगी होती. मामांच्या लेखी ती 'हिरवी नाडी'.

"रोज येतेस?" साहेबांनी विचारलं.

"रोज. पहिल्या वर्षी तर शिक्षण सोडून घरी निघाले होते, सर. ओळखीचं कुणी नव्हतं, रडूच यायचं. बॅग भरून मामांचा निरोप घ्यायला आले. मामा म्हणाले, बसला वेळ आहे, एक डाव खेळून जा. खेळले. मग मामांना माझा बूटच सापडेना. बस गेली."

"मग?"

"बूट शोधायला चौघी जमल्या. त्याच आता माझ्या मैत्रिणी. यंदा शेवटचं वर्ष."

सगळे मामांकडं बघायला लागले. मामा ओशाळून म्हणाले, "बूट खरंच सापडत नव्हता हो. खिडकीवर वाळत घातला होता, नि विसरलो."

समिती हसली. खोली वर्षभर राहील असं ठरलं, पण एका अटीवर. रजिस्टर रोज भरायचं. टेबलाच्या पायाखाली वीट गेली.

महिन्याभरानं साहेब तपासायला आले. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: निळा, टाच झिजलेली. तांबडा, उंदरानं कुरतडलेला. हिरवी नाडी.

"मामा, ही काय नावं झाली?"

"मला हीच ठाऊक. सह्या त्यांच्याच आहेत."

पलीकडं टेबलावर चेंडू टपटपत होता. साहेबांनी रजिस्टर मिटलं नि ते तिकडं वळले.

"एक बॅट द्या बघू."

मामांनी बुटासाठी हात पुढं केला. साहेब नाडी सोडायला खाली वाकले.

मामांनी रजिस्टर ओढून नवी ओळ लिहिली: काळा, पॉलिशचा. मोज्याला भोक.