हिरालालभाऊंची अट

कुठल्याही इमारतीत शिरलं की हिरालालभाऊ आधी मेन स्विच बंद करायचे आणि कोण ओरडतं ते ऐकत उभे राहायचे. शाळा, बँक, पोल्ट्री, कुठेही. लोक शिव्या घालत. भाऊ शांतपणे म्हणत, "ज्यो पहिले बोंबलना, त्यालेच पहिले लाईट."

नवापूरला सौरऊर्जेचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत मी त्यांच्या हाताखाली होतो. विजेची गरज, ऊन, सामानाच्या किमती, सगळं ते संगणकातल्या मॉडेलला भरवायचे. किती पॅनल आणि केवढी बॅटरी घेतली तर सगळ्यांत स्वस्त पडेल, हे मॉडेल सांगायचं. नवी पोरं त्या उत्तरावर खूष होत. भाऊ डाफरत, "कंप्युटर खोटं बोलस नही भो, पण जेवढं इचारशी तेवढंच सांगस."

सातपुड्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या मॉडेलमध्ये त्यांनी अट घातली: आठवडाभर ऊन पडलं नाही तरी बाळंतिणीच्या खोलीतली वीज जाता कामा नये. बॅटरी मोठी निघाली, खर्च वाढला. कंपनीच्या साहेबांना ठेका हवा होता. "तेवढी अट काढा आणि पुन्हा रन करा."

"साहेब, अट काढी तर प्रश्नच बदलस."

साहेबांनी ती अट दुसऱ्या एकाला काढायला लावली. अहवालावर नाव मात्र भाऊंचंच ठेवलं, कारण केंद्राचे डॉक्टर त्या नावावर विसंबत. भाऊंनी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं नाही.

पुढच्या श्रावणात डोंगरात ऊन दिसेना. गावाची लाईन पावसात पडलेलीच होती. बॅटरी उतरली आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका मुलीला ऊब देणारा वॉर्मर बंद पडला. ती वाचली नाही.

भाऊ तडक तिथे गेले, मी सोबत होतो. मुलीचा बाप ओट्यावर बसला होता.

"लाईट तुम्हीच बसवली ना?"

"हो. मीच."

भाऊंनी नजर वळवली नाही.

परतताना जीपमध्ये मी चिडून विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू त्याले? अट कोणी काढी, ते? त्यान्ही पोर गई, भो."

चौकशीत 'मॉडेलमधील त्रुटी' असं ठरलं आणि भाऊंना काढलं. साहेबांना आणखी केंद्रांचं काम मिळालं. भाऊ धानोऱ्याला शेतावर राहायला गेले. कोणी सोलरचं विचारलं की उठून जात.

गेल्या वर्षी ते गेले. ऑफिसात शोकसभा झाली. "भाऊंचं मॉडेल आपण पुढे नेऊ," साहेब म्हणाले. मग सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले.

मी बसून राहिलो.