कडी कोणी वाजवली?

एका गोष्टीवर किती भांडावं याला हद्द असते, असं मला वाटायचं. देवळीच्या आमच्या वाचन मंडळात बसायला लागल्यापासून तसं वाटत नाही. किस्से साचतच जातात. मी नववीत शाळा सोडली, वेल्डिंगच्या दुकानात असतो. रविवारी मंडळात मोठ्याने वाचायचं काम माझं.

सध्या एक चार पानी कथा चालू आहे. मुलगा भांडून घर सोडतो, आई वाट बघते, शेवटी रात्री दाराची कडी वाजते. संपली! मुलगा आला की वारा होता, लेखक सांगत नाही. आणि आम्ही काही पुढच्या कथेवर जात नाही.

कारण मोहनशेठ, कापड दुकानवाले. त्यांचा मुलगा भांडून पुण्याला गेला, दिवाळीलाही आला नाही. त्यामुळे कथेतला मुलगा यायलाच हवा! पण मंडळाचा नियम आहे : बोलायचं तर ओळीवर बोट ठेवून.

*

शेठ म्हणाले, "पोरगाच आला. माह्यं मन सांगते."

रिटायर्ड कंडक्टर वानखेडेकाका म्हणाले, "मन कोन्त्या पानावर हाय, शेठ?"

*

पुढच्या वेळी शेठ तयारीने आले. "हे पाहा, 'झाडाचं पानही हलत नव्हतं.' मंग वारा कुठून येईन?"

शेठनी खुशीत चहा सांगितला. चहा येईपर्यंत काकांनी ओळ शोधली.

"शेठ, हे दुपारचं हाय. कडी रात्री वाजते!"

चहा तरी झाला.

*

कुंदाताई सावंगीला नर्स आहेत. ड्युटी करून दमून येतात, तरी शेठची बाजू घेतात. "अनोळखी आला की कुत्रं भुकते, असं लिवलं हाय. शेवटी भुकलं नाई. म्हंजे घरचाच मानूस!"

शेठचा चेहरा उजळला. मला बोलायचा धीर होईना. मी पान पुढे सरकवलं.

"ताई... कुत्रं तिसऱ्या पानावर मेलं."

*

एकदा काका थकून म्हणाले, "बरं, आला पोरगा. मले मान्य हाय. पुढची कथा वाच रे बाबू."

शेठ भडकले. "असं नाई! बोट ठेवा!"

*

परवा वाचनालय बंद होतं, म्हणून शेठच्या घरी बसलो. काकू, म्हणजे शेठच्या पत्नी, पहिल्यांदाच ऐकत होत्या. मी वाचून संपवलं.

काकू म्हणाल्या, "तिनं त्याले एकदा तरी 'ये' म्हटलं काय?"

काका पानं चाळू लागले. मीही बोट फिरवत चारही पानं पाहिली. तशी ओळ नव्हती.

शेठ उठून अंगणात गेले.

मग आवाज आला, "हॅलो... जेवला काय?"