भांगेचे थेंब आणि आजोबांचा डोळा

तुम्ही दोघं व्हिडिओ कॉल संपल्यावर आजोबांच्या मानेची नक्कल करता, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना राग येत नाही. मान डावीकडे झटकायची आणि घशातून एक छोटा ‘हुं’ काढायचा. डॉक्टर त्याला टिक म्हणतात. आमच्या लग्नात सप्तपदीच्या वेळीही ती चालूच होती. माझ्या मावशीला वाटलं, नवरा मुलगा नाही म्हणतोय. वयाबरोबर कमी होईल, असं सगळे सांगायचे. झालं उलटंच.

यंदा दुर्गापूजेच्या आधी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डावा डोळा जुन्या आजारात केव्हाच गेलेला, तेव्हा जे काही दिसायचं ते उजव्यानंच. सियालदह स्टेशनाजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टर तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या. “पूर्ण भूल यांच्या हृदयाला झेपणार नाही,” त्या म्हणाल्या, “डोळ्यापुरतीच भूल देऊन ऑपरेशन करावं लागेल. पण माझा हात आत असताना मान अशी झटकली, तर डोळा जाईल. आधी स्थिर पडून दाखवा, मग बघू.”

आम्ही डमडमला घरी परतलो. आल्यावर आजोबा वर्तमानपत्र नाकाला लावून बसले. मग त्याची नीट घडी करून माझ्याकडे दिलं. “तूच वाच. सवय करून घेऊ.”

मेंदूच्या डॉक्टरांच्या जुन्या गोळ्यांनी मान थांबायची, पण माणूसही थांबायचा. दिवसभर गुंगी, हात ताठ. या वेळी त्यांनी बराच विचार करून भांगेच्या पानांचं औषधी तेल सुचवलं. जिभेखाली थेंब घ्यायचे. “काहींना उपयोग होतो, काहींना नाही,” ते म्हणाले. “अजून याचा पुरता अभ्यास झालेला नाही. हृदय तपासून अगदी थोड्यानं सुरुवात करू.” आयुर्वेदाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते रीतसर मिळतं, हे मला तेव्हाच कळलं.

“भांग?” आजोबा ताठ बसले. “मी बँकेचा मॅनेजर होतो!”

“बँकेनं तुम्हाला केव्हाच सोडलंय, अहो. आता डोळा तरी राहू दे.”

थेंब घ्यायला तयार झाले, पण एका अटीवर: खालच्या मजल्यावरच्या बंगाली शेजारणीला, काकीमांना, कळता कामा नये. विजयादशमीला काकीमांकडे सिद्धीचं, म्हणजे भांगेचंच, सरबत करतात. आजोबा दरवर्षी नुसतं संदेश मिठाईचं ताट स्वीकारून, ग्लास नाकारून परत येत. यंदाही तसेच आले.

सुरुवातीला फक्त तोंडाला कोरड पडली आणि भूक वाढली. जेवून हात धुतलेला माणूस पुन्हा फ्रिज उघडून उभा. मान तशीच. मग डॉक्टरांनी थेंब थोडे वाढवले. आधी ‘हुं’ विरळ झाला, मग मानेचे झटकेही.

दुपारी आम्ही स्थिर पडण्याची तालीम करायचो. आजोबा दिवाणावर उताणे, तोंडावर जुन्या धोतराचा पांढरा तुकडा, त्याला उजव्या डोळ्यापुरतं भोक. वर मी टॉर्च धरून. कापड पडलं की पहिल्या क्षणाला मान झटकायची, कारण घाबरलं की ती जास्तच येते.

“दाबून धरू नका. मग जोरात येते.”

“तू टॉर्च हलवू नकोस. डॉक्टरांचा हात असा थरथरेल का?”

एका दुपारी टॉर्चचे सेल संपले म्हणून मी आतल्या खोलीत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. तेवढ्यात बाहेर किंकाळी उठली, “ओ मा गो! दादा!”

धावत आले तर काकीमा दिवाणाच्या पायाशी बसलेल्या, आणि त्यांनी आणलेले नारळाचे लाडू खोलीभर. “बौदी, अहो वहिनी, कधी गेले हो? मला एक हाकसुद्धा मारली नाहीत!”

कापडाखालून आवाज आला, “गेलो नाही. तालीम चाललीय.”

काकीमांनी त्यांच्या दंडावर चापट मारली. “मग मान का हलत नाही? दादांची मान हलत नाही म्हटल्यावर मी काय समजायचं?”

आता सांगणं भागच होतं. मी थेंबांबद्दल सांगितल्यावर काकीमा डोळे पुसत हसायला लागल्या. “इतकी वर्षं माझा ग्लास परत पाठवलात, आणि आता चिठ्ठी आणून पिताय?”

“पीत नाही. जिभेखाली ठेवतो.” आणि आजोबाही हसले. कापड पोटापर्यंत हललं, मान मात्र जागची हलली नाही. हातात सेल घेऊन मी तशीच लाडवांमध्ये खाली बसले. काकीमांच्या आरडाओरड्यातही जी मान हलली नाही, ती डॉक्टरांपुढे कशाला हलेल?

डोळ्यांच्या डॉक्टरांना थेंबांचं सगळं सांगितलं. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून होकार दिला. ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर बसून मी ‘हुं’ ऐकू येतो का, याकडे कान लावून होते. डॉक्टर बाहेर आल्या, मास्क खाली केला. “झालं. माझ्यापेक्षा तेच शांत होते.”

मान अजूनही संध्याकाळी अधूनमधून झटकते. पूर्ण जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पट्टी काढून घरी आणलं तर आजोबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“अगं, या फरश्या पांढऱ्या आहेत?”

“पहिल्यापासून.”

“आणि पंख्यावर ते काय लोंबतंय?”

दर शनिवारी पंखा पुसणारी मी. स्टूल ओढलं, चढले. तो माणूस खालून एका डोळ्यानं बघून मला दाखवत होता, “तिकडे नाही, पात्याच्या टोकाला. अजून आहे जळमट. हं, तिथे.”